पाचवा ‘का’

आमच्याकडे गणपतीत जेवायला आले की काका आधी गणपतीला नमस्कार करत नसत. आधी ते दार बघत. मग खिडकी, मग बाल्कनी, मग स्वयंपाकघरातला सिलिंडर. हे सगळं जागच्या जागी असल्याची खात्री पटली की मग हात जोडत. एका वर्षी त्यांनी निरांजनाच्या शेजारी वाळूने भरलेली लाल बादली आणून ठेवली. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना वाटलं आखातात अशी काही पद्धत असेल. त्यांनी त्या बादलीलाही हळदकुंकू वाहिलं. काकांची काही हरकत नव्हती. फक्त बादली जागची हलवू नका, एवढंच म्हणाले.

नात्याने ते माझे कुणीच नव्हते. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी सांगाडे बनवणारा आमचा कारखाना. तिथे ते सेफ्टी ऑफिसर, आणि मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक कागदाला नंबर देऊन तो हरवू न देणारी बाई. राहायला दोघंही दुबईतल्या अल कुसैसला, शेजारशेजारच्या बिल्डिंगांमध्ये. सकाळी सहाला कंपनीची व्हॅन यायची आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत परत सोडायची. अकरा वर्षं मी त्या व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी बसले. एवढा वेळ मी माझ्या नवऱ्याच्या शेजारीही सलग बसलेली नाही.

मूळचे चिपळूणचे. बुटके, पोट सुटलेले, भुवया मात्र एखाद्या पहिलवानाच्या. खिशात पेन नसे, शिट्टी असे. मोबाइलच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: फोनचा पिन, रक्तगट, आणि खाली ‘काही झाल्यास आधी मुलीला कळवा’ असं लिहून तिचा नंबर. पिन असा उघडा ठेवतात का, असं मी विचारलं, तर म्हणाले की बेशुद्ध माणसाला पिन विचारणार कोण?

कारखान्यात त्यांचं नाव मिस्टर व्हाय. एखाद्या कामगाराचं बोट चेमटलं की बाकीचे सेफ्टीवाले ‘निष्काळजीपणा’ असं लिहून मोकळे होतात. काका पाच वेळा ‘का’ विचारत. ही पद्धत त्यांची नव्हे, या धंद्यात ती सगळेच शिकतात, पण शिकून विसरतात. बोट का चेमटलं? हातमोजा नव्हता. का नव्हता? फाटला होता. नवा का नाही मागितला? स्टोअरवाला ओरडतो. तो का ओरडतो? त्याला वरून ओरडा बसतो. आणि वरचे का ओरडतात, इथे आले की मॅनेजरच्या केबिनचं दार आपोआप बंद होई. पहिल्या ‘का’ला वस्तू सापडते, पाचव्याला माणूस सापडतो, असं ते म्हणायचे.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, आणि ते अख्ख्या कारखान्याला पाठ होतं. आधी अलार्म, मग विचार. रोज सकाळी कामगारांसमोर उभे राहून आपल्या चिपळुणी हिंदीत सांगायचे, “आग छोटा है की बडा, ये सोचना तुम्हारा काम नहीं. तुम पहले चिल्लाओ.” मॉक ड्रिल घ्यायचे तेव्हा सगळे बाहेर जमायच्या जागेच्या हिरव्या पाटीखाली उन्हात येत आणि काका हजेरी घेत. बाकीचे बॅज नंबर पुकारतात. काका नाव पुकारत, बापाच्या नावासकट. दोनशेच्या वर माणसं, नेपाळी, बिहारी, पठाण, मल्याळी, आणि यादी हातात नाही. नंबर पुकारला तर दुसरा कुणीही ‘येस’ म्हणू शकतो, नाव पुकारलं की माणूस स्वतः मान वर करतो, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्टमध्ये लोक घामाने निथळत शिव्या घालत, पण स्वतःचं नाव यायची वाट बघत.

हा माणूस सिनेमा बघणारा नव्हता. आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती. आणि तरी शेवटची अडीच वर्षं तो व्हॅनमध्ये रोज इंग्लंडचा सत्यानाश बघत होता.

म्हणजे अक्षरशः. मोबाइल गुडघ्यावर उभा करून, एका कानात इअरफोन. दुसरा कान मोकळा, ड्रायव्हरच्या ब्रेकसाठी. सिनेमे सगळे ब्रिटिश, आणि सगळ्यांत पुढचा काळ वाईट. एकात अख्खं शहर रिकामं, फक्त दुधाची गाडी रस्त्यात उभी. एकात एक हसतमुख बाई दर बुधवारी घरोघर येऊन लोकांच्या आठवणी तपासून जाते. सिनेमा नसेल त्या दिवशी तसलंच पुस्तक, तेही मोबाइलवर, बोटाने एकेक ओळ धरून. सिनेमा बघताना काका मधेच थांबवून मला दाखवायचे की बघ, एवढा मोठा हॉल आणि फायर एक्झिट एकच, मरणारच ना हे लोक. प्रत्येक सिनेमाचा त्यांनी वहीत रिपोर्ट लिहिला होता. धोका कोणता, कुणाला, आणि वेळीच कुणी ओरडलं का. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘नाही’.

व्हॅनचा ड्रायव्हर पेशावरचा. तो रोज संध्याकाळी अल कुसैसच्या सिग्नलला आरशातून विचारायचा, “काका साब, लंदन बचा?” आणि काका इअरफोन काढून गंभीरपणे सांगायचे, “नहीं बचा.” सगळी व्हॅन हसायची. मीही हसायचे, आणि मला तर कारण ठाऊक होतं.

कारण सांगते, आणि त्यात माझा हात किती होता तेही सांगते.

त्यांची एकुलती एक मुलगी अल कुसैसमध्येच वाढली. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असलं आमच्या सगळ्यांच्या पोरांचं असतं तसंच. आई-बापांचा जीव त्या पोरीत. ती इंग्लंडला एम.ए. करायला गेली, साहित्य आणि सिनेमा घेऊन. प्रबंधाचा विषय असा, की ब्रिटिश लोक आपल्या पुस्तकांत आणि सिनेमांत पुन्हा पुन्हा भयानक भविष्यकाळ का रंगवतात. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. काका म्हणाले, “हा काय विषय झाला? वाईटात वाईट काय होईल याची कल्पना करायचा मला इथे पगार मिळतो.” ती खळखळून हसली होती. मग तिने सिनेमांची आणि पुस्तकांची चार पानी यादी पाठवली. प्रबंधाच्या शेवटी जोडायची होती, रकाने नीट बसले आहेत का ते बाबांनी ऑफिसच्या प्रिंटरवर काढून बघावं म्हणून. प्रिंट मीच काढून दिला.

त्या ऑगस्टमध्ये काकूंच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं साधं समजून दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नावही घेऊ नये असं काहीतरी सांगितलं. अकरा दिवस हॉस्पिटल. काका कॉरिडॉरमध्ये येरझारा घालायचे आणि बाहेर पडायचे दरवाजे मोजायचे. मला म्हणाले, चार आहेत. प्रबंध द्यायची तारीख तीन आठवड्यांवर होती. काकूच म्हणाल्या, तिला आत्ता सांगू नका, तिचं होऊ दे. आपल्याकडे हे काही जगावेगळं नव्हे. पोरांची परीक्षा असली की घरातलं दुखणं दाराआड जातं, आजोबा गेल्याचं पेपर संपल्यावर कळतं, आणि सगळे वर म्हणतात की बरं केलंत. मीही तेच म्हणाले.

काकू गेल्या. आणि तरीही आम्ही सांगितलं नाही. तारखेला नऊ दिवस उरले होते, एवढे दिवस लपवलं तर आता नऊच, असा आमचा हिशेब. इथल्याच स्मशानात काकांनी सगळं एकट्याने केलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा टाकत होते तेव्हा माझ्या फोनवर तिचा मेसेज आला. ताई, आई फोन का उचलत नाही, सगळं ठीक आहे ना? काका ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग मी लिहिलं की काकू मजेत आहेत, फोन रिपेअरला टाकलाय, तू लिखाण आटप, काकू म्हणाल्या नीट जेव. पुढे एक हसरा चेहरा टाकला. ते ‘नीट जेव’ माझं स्वतःचं, मला कुणी सुचवलं नव्हतं.

काकू गेल्यावर नऊ दिवसांनी प्रबंध जमा झाला आणि काकांनी फोन केला. ती आली. दोन दिवस राहिली. आईचा चष्मा आणि एक रोजची साडी बॅगेत टाकली. आरडाओरडा नाही, काही नाही. निघताना दारात उभी राहून बापाला म्हणाली, “यू मॅनेज्ड मी, बाबा.” मला काहीच म्हणाली नाही. विमानतळावर पोचायच्या आत तिने मला ब्लॉक केलं होतं.

त्यानंतर बापाच्या मेसेजला ‘ओके’, एवढंच उत्तर. वाढदिवसाला ‘थँक यू’. फोन केला तर घंटा वाजत राही. सहा महिने गेले. मग एक दिवस व्हॅनमध्ये काकांनी बॅगेतून ती चार पानी यादी काढली, मीच प्रिंट काढलेली, कोपरे मऊ झालेली, आणि पहिल्या सिनेमाच्या नावावर बोट ठेवून मला विचारलं की हे मोबाइलवर कसं लावायचं. तिच्याशी बोलायला आपल्याकडे विषय नाही, म्हणाले. जेवलीस का विचारायचा हक्क आपण घालवला. निदान तिचा प्रश्न तरी समजून घेतो.

तर असा तो प्रश्न. आणि प्रश्न हातात आला की काका त्याला पाच ‘का’ लावल्याशिवाय सोडणार नव्हते. कारखान्यात तपासणीला ब्रिटिश माणसं अधूनमधून येत. काका त्यांना हेल्मेट देत, सेफ्टी शूजच्या नाड्या बघत, आणि मग विचारत की सर, तुमचे लोक सारखं इंग्लंड संपल्याचंच का लिहितात. क्रेन तपासायला येणारा एक म्हातारा साहेब म्हणाला, हवेमुळे, वर्षभर ढग असले की अजून काय सुचणार. काकांनी वहीत लिहिलं, ‘का १: हवा (साहेब हसत होते)’. दुसऱ्या एकाने सांगितलं की आमचं बेट आहे, जायला जागा नाही. हे काकांना फार पटलं. चारी बाजूंनी पाणी म्हणजे बाहेर जमायची जागाच नाही, ड्रिल घ्यायचं तर माणसं न्यायची कुठे, असं ते दोन दिवस मला सांगत होते.

तिसरं उत्तर त्यांचं स्वतःचं. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या बोटीवर खलाशी होते. आजोबांचं खलाशाचं पुस्तक काकांनी प्लास्टिकमध्ये घालून जपलं होतं. त्यात अंगठा, उंची, डाव्या भुवईवर व्रण, आणि वर्तणूक: चांगली. ते पुस्तक दाखवून म्हणाले, “यांनी अर्ध्या जगाला असं लिहून काढलं. लिहून काढलेल्या माणसाचं काय करता येतं ते यांच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून आता त्यांना धास्ती वाटते, आपलं नाव कोण लिहून घेतंय.” मी म्हणाले, काका, आपण तरी वेगळे कुठे, इथल्या ओळखकार्डाच्या एका नंबरावर बसलोय, तो रद्द झाला की खलास. ते म्हणाले, खरंय, पण आपण सही करून आलो, आणि म्हणूनच मी नाव पुकारतो.

मला हे सगळं ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला राग यायचा. त्या यादीचं एकेक पान उलटलं की यायचा, आणि तो मी चेष्टेने घालवायचे. ड्रायव्हरला ‘लंदन बचा?’ हे मीच शिकवलं होतं.

मग एक ऑडिट झालं. ज्यांचं मोठं काम आम्ही करत होतो त्यांनी लंडनहून एक बाई पाठवल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, शब्द मोजून बोलणाऱ्या. तीन दिवस त्यांनी कागद बघितले, माझे एकूणएक कागद सापडले, मी खुशीत. शेवटच्या मीटिंगला सगळे मॅनेजर कोट घालून बसले होते. बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे? अशा वेळी कुणी काही विचारत नसतं. काकांनी हात वर केला. आमच्या मॅनेजरने डोळेच मिटले.

काका उभे राहून म्हणाले, “मॅडम, नॉट अबाउट ऑडिट. व्हाय युअर पीपल आर ऑल्वेज रायटिंग दॅट इंग्लंड इज फिनिश्ड?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेलं काम. पण त्या बोलल्या, आणि बराच वेळ बोलल्या. त्यांची आजी दुसऱ्या महायुद्धात लंडनला होती. घराशेजारची पाच घरं एका रात्रीत गेली. रेशनचं पुस्तक आजीने मरेपर्यंत पर्समध्ये ठेवलं होतं, आणि दोरीचा तुकडासुद्धा फेकत नसे. तुम्ही एकदा आपली गल्ली पडलेली बघितली, की ती पुन्हा पडलेली दिसायला फारशी कल्पना लागत नाही, असं त्या म्हणाल्या. काका वहीत लिहीत होते. लिहून झालं आणि त्यांनी मान वर करून पुन्हा विचारलं, “व्हाय?”

मॅनेजर खुर्चीत हलला. बाई हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या की लढाईत रेडिओवर रोज सांगायचे, सगळं ठीक आहे. आजीचा भाऊ बेपत्ता होता तेव्हाही कुणीतरी भला माणूस घरी येऊन, चहा पिऊन, ठीक आहे म्हणून सांगून गेला. त्याला खरं ठाऊक होतं. आजीला धक्का बसू नये म्हणून त्याने सांगितलं नाही. “वुई आर नॉट अफ्रेड ऑफ मॉन्स्टर्स,” बाई म्हणाल्या. “वुई आर अफ्रेड ऑफ द नाइस मॅन हू नोज व्हॉट इज गुड फॉर अस.”

काकांचं पेन थांबलं. ते खाली बसले. थँक यू म्हणायचंही राहिलं.

परतताना व्हॅनमध्ये मी भडकले होते. अख्ख्या कारखान्याची लाज घालवायची होती का, असं विचारलं. “काका, खलास करा आता हे. ती पोर काही तुमच्या सिनेमांनी परत यायची नाही.” असं बोलून गेले. शब्द तोंडातून सुटले आणि मला कळलं की मी काय बोलले. काकांनी त्या दिवशी मोबाइल काढलाच नव्हता. खिडकीतून बाहेर बघत होते. अजमान मागे पडल्यावर अगदी हळू म्हणाले, “आपण पण किती छान सांगितलं होतं ना तिला.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि अपघाताच्या रिपोर्टचा कोरा फॉर्म मागितला. मी म्हटलं, कोण पडलं? म्हणाले, नंबर देऊ नकोस, हा कंपनीचा नाही. दोन दिवसांनी भरून आणला. फॉर्म इंग्रजीत छापलेला, त्यांनी मजकूर मराठीत लिहिला होता, मोठ्या, सुट्या अक्षरांत. काकूंनी तिला बाराखडी शिकवली होती, तिला असं मोठं लिहिलेलं वाचता येतं, म्हणाले.

घटना: आई गेल्याचं मुलीला वेळेत कळवलं नाही. अलार्म द्यायला झालेला उशीर: नऊ दिवस, आजारपण धरून वीस. खाली पाच रकाने होते.

उशीर का झाला? तिचा प्रबंध होता.

प्रबंध आईपेक्षा मोठा का? मला वाटला. तिला विचारलं नाही.

का नाही विचारलं? ती सगळं सोडून आली असती.

आली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. आई भेटली असती.

मग का? तिचं भलं तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं मी धरून चाललो. तिच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीत सरकार हेच धरून चालतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधत होतो, ते माझ्याच घरात होतं.

सर्वात खाली साक्षीदाराचा रकाना असतो. काकांनी माझ्यापुढे पेन ठेवलं. नुसती सही नको, काय केलंस ते लिही, म्हणाले. मी तो फॉर्म समोर घेतला. मग लिहिलं, ‘तिने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. तिच्या आईच्या तोंडी घातलेले शब्द माझे होते.’ आणि सही केली. त्याच्याही खाली एक रकाना राहतो, ‘इजा झालेल्या व्यक्तीचं म्हणणं’. तो काकांनी कोरा ठेवला आणि फोटो काढून तिला पाठवला.

तीन आठवडे काही नाही. काका रोज व्हॅनमध्ये फोन उलटा करून मांडीवर ठेवत, सरळ करत, पुन्हा उलटा. मग एका सकाळी मला कोपराने ढोसून त्यांनी स्क्रीन दाखवला. तिने लिहिलं होतं, ‘रिपोर्ट रिसीव्ड. अंडर रिव्ह्यू.’ हे काकांचं स्वतःचं ऑफिसातलं वाक्य. लहानपणी तिने शाळेच्या सहलीसाठी परवानगी मागितली की ते तिला हेच ऐकवायचे. मला त्यात गारठा दिसला, पण काकांना तिचं हसू दिसलं. महिनाभर ते वाक्य त्यांनी दिसेल त्याला वाचून दाखवलं, ड्रायव्हरलाही. आणि महिन्यानंतर तिचा आणखी एक मेसेज आला. एका सिनेमाचं नाव, यादीत नसलेलं, आणि पुढे, ‘वॉच धिस वन टू. टेल मी व्हेन यू फिनिश.’

काकांना साठ पूर्ण व्हायला पाच आठवडे होते. मग निवृत्ती, व्हिसा कॅन्सल, चिपळूण. पण आता ते चिपळूणच्या आधी इंग्लंडला जायचं म्हणत होते. कागदपत्रांची फाइल मीच लावून दिली. स्वेटर घेतला होता. तिने ये म्हटलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नव्हतं, आणि काका म्हणाले की सिनेमा संपवून फोन करतो, आणि फोनवर विचारतोच.

त्या संध्याकाळी आमची बाजू मोकळी होती. समोरून दुबईहून शारजाला परतणाऱ्या गाड्यांची रोजची रांग लागलेली. काका एका कानात इअरफोन घालून तो सिनेमा बघत होते. मी दिवसभराची दमलेली, डोळे मिटून बसले होते. अल कुसैसच्या सिग्नलला ड्रायव्हरने आरशातून विचारलं, “काका साब, लंदन बचा?”

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी डोळे उघडले. काकांची मान खिडकीला टेकलेली, मोबाइल मांडीवर, आणि सिनेमा चालू होता.

ड्रायव्हरने सिग्नल तोडून व्हॅन हॉस्पिटलात घातली. दहा मिनिटं त्यांनी आत प्रयत्न केले, मग डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून गेले. आमचा एचआरवाला टॅक्सीने धावत आला. भला माणूस आहे, सगळ्यांच्या अडीअडचणीला उभा राहणारा. माझ्या हातात काकांचा फोन बघून त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, “मॅडम, बेटी को अभी मत बताइए. अकेली है वहाँ. बोलिए सिरियस हैं, फ्लाइट पकड ले. यहाँ आ जाएगी तो हम सब सँभाल लेंगे.”

त्याचं काही चुकत नव्हतं. अगदी हेच मी कुणालाही सांगितलं असतं. व्हॅनमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझंही मन म्हणालं की निदान आज एक दिवस, निदान कुणीतरी तिच्याजवळ पोचेपर्यंत. मी फोन उलटा केला. मागे त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती. मी पिन घातला आणि नंबर लावला.

तिने पहिल्याच घंटेला उचलला. तिच्या स्क्रीनवर बाबा असं नाव आलं असणार. आवाज मोकळा होता, तीन वर्षांत मी ऐकला नव्हता इतका. “बाबा? फिनिश्ड इट?”

मी म्हणाले, “मी ताई बोलतेय. बाबा गेले. व्हॅनमध्ये, तुझा सिनेमा बघता बघता. डॉक्टरांनी सांगून पाच मिनिटं झाली.”

मी फोन कानाला घट्ट धरला. एचआरवाला कपाळाला हात लावून बाकावर बसला होता. मग तिचा आवाज आला, आणि तो मराठीत होता.

“अजून कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही. इथे समोर आहेत तेवढेच. आधी तुला.”

“आधी मला?”

“हो. आधी तुला.”

मग ती रडायला लागली. फोन ठेवू नका, एवढंच मधे एकदा म्हणाली. मी ठेवला नाही. कॉरिडॉरमध्ये उभी राहून तिचं रडणं ऐकत होते, आणि दरवाजे मोजत होते. तीन होते.